कुवेतच्या पेटीतल्या गोळ्या

मंगळूर

लॅन्सी,

गेला रविवार, ८ जून, दुपारी सव्वाबारा. मी चर्चमधून आले, तेव्हा तू कुवेतहून पेटी भरून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांतली एक तुझ्या भावाच्या तळहातावर होती. "वहिनी, पॅरासिटामॉलने लिव्हर जातं. हीच बरी," असं मलाच शिकवलंस! गिल्बर्टसारख्या लिव्हरच्या सिरोसिसच्या रोग्याला तुझ्या गोळीने रक्ताची उलटी होऊ शकते, मूत्रपिंडं बसू शकतात. पॅरासिटामॉल डॉक्टरांनीच दिलंय, दिवसाला पाचशेच्या चारच. मी गोळी हिसकावली, तर म्हणालास, "हेडबाई आल्या!" मग गिल्बर्टने दोन आधीच गिळल्याचं कबूल केलं.

आज रिपोर्ट आला. मूत्रपिंडं शाबूत आहेत. मी डॉक्टरांसमोरच रडले.

"पत्र टाकू नकोस, बिचारा प्रेमाने आणतो," असं गिल्बर्ट म्हणतो. बरं, टाकत नाही. तरीही शनिवारी सहाच्या आत मला तुझी लेखी माफी हवी.

तुझी वहिनी,
सेवरीन