घोंगडं कुठं गेलं?

आबा, तुमच्यावरचं माझं पुस्तक आता जर्मन भाषेत निघालं. साताऱ्याच्या प्रेसमध्ये पदरमोड करून छापलेलं, सांगलीच्या विश्रामबागेत दारोदार फिरून खपवलेलं तेच. परक्या मुलखात वाचक मिळावेत म्हणून दोन वर्षं मी अनोळखी लोकांना मेल धाडत होतो. शेवटी तिकडंच मराठी शिकलेल्या एक बाई अनुवादाला तयार झाल्या. वाटलं, जिंकलं. पण एक दिवस व्हिडिओ कॉलवर त्यांनी विचारलं, "सर, तुमचे वडील कॉलेजच्या फाटकाशी घोंगडं घेऊन येतात, तुम्ही धावत जाऊन त्यांना मिठी मारता. मग पुढच्या प्रकरणात तुम्ही होस्टेलवर एका चादरीत कुडकुडता. घोंगडं कुठं गेलं?" इथल्या एकाही वाचकाला हे दिसलं नव्हतं.

कुठं गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे. मेंढरं इस्लामपूरच्या बाजूला, ऊस तुटलेल्या रानात खतासाठी बसवली होती आणि आपल्याच लोकरीचं नवं घोंगडं द्यायला तुम्ही एसटीनं सांगलीला आलात. फाटकाशी उभे आहात, डोक्याला लाल मुंडासं, अंगाला मेंढरांचा वास. मित्र विचारतो, "कोण रं ह्यो?" आणि मी म्हणतो, "गावाकडचा हाय कुणीतरी." तुम्ही ते ऐकलंत. माझ्याकडं न बघता मित्रालाच म्हणालात, "व्हय, गावाकडचाच हाय मी. ह्येंच्या घरची समदी बरी हायती, एवढंच सांगाया आलतो." घोंगडं पुन्हा खांद्यावर टाकून निघून गेलात. एरवी कोकरू जरा लंगडलं तरी मला झापायचात, पण या गोष्टीचा मरेपर्यंत शब्द काढला नाहीत. त्यापेक्षा दोन मुस्काटात दिल्या असत्यात तर बरं झालं असतं.

बाईंना मी खरं काय ते सांगितलं. "तसंच लिहू?" त्यांनी विचारलं. मी लगेच हो म्हणालो. तिकडं आपल्याला कोण ओळखतंय! असा हा तुमचा पोरगा परमुलखात जाऊन शूर झाला. गेल्या महिन्यात त्यांनी तिकडच्या एका म्हाताऱ्या वाचकाचं पत्र मराठीत करून पाठवलं. त्याचे वडील डुकरं पाळायचे. शाळेच्या समारंभाला ते आले तेव्हा हा पाठ फिरवून बसून राहिला, आणि हे त्यानं कधी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ते वाचून मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि भाकरी थापणाऱ्या माझ्या बायकोला सगळं सांगून टाकलं. किती मोकळं वाटलं, आबा! त्या दुपारी जेवून मी गाढ झोपलो.

आज मराठी दुसऱ्या आवृत्तीतलं ते पानही दुरुस्त करून प्रेसला पाठवलं. हे पत्र मात्र घरातच राहील. तुम्ही असतात तरी तुम्हाला कुठं वाचता येत होतं? एवढंच कबूल करतो, की मिठीची ती ओळ खोडताना हात अडला. खोटी असली तरी, तुम्हाला मारलेली माझी ती एकच मिठी होती.