जमेलताईचा हात

सोमवार, ४ मार्च

जमेलताईचा हात बेकरीतल्या पीठ मळायच्या यंत्रात अडकला. उजव्या हाताची दोन बोटं मोडली, मनगटही. मी वर्गात खडू उचलला आणि आमच्या निर्वासितांच्या केंद्राच्या मोठ्या बाईंनी दारातूनच सांगितलं. पुढचा तासभर मी काय शिकवलं, देव जाणे.

दोन मुलं आणि एक पिशवी घेऊन ती सीमेपलीकडून आली, तेव्हा तिला इथला एक शब्द येत नव्हता. वर्षभरात बोलायला लागली. काहीही विचारा, ‘जमेल, बाई.’ म्हणून सगळा वर्ग तिला जमेलताई म्हणतो. मीसुद्धा.

तो शब्द मीच शिकवला. शिकवला कसला, घोकून घेतला! ‘नोकरी मागायला गेलात की “येत नाही” म्हणायचं नाही. आधी जमेल म्हणा, मग बघू.’ स्वतःच्या हुशारीचं केवढं कौतुक वाटलं होतं तेव्हा. आमच्या केंद्रात पावाचं पीठ हाताने मळायला शिकवतात. यंत्र तिने कुठे बघितलं असणार? मालकाने विचारलं असेल, आणि ही म्हणाली असेल – जमेल.

मंगळवार, ५ मार्च

भाजीत मीठ दोनदा पडलं. नवरा मुकाट्याने जेवला. म्हणजे माझा चेहरा बघण्यासारखा असणार.

बुधवार, ६ मार्च

इस्पितळात गेले. फळं नेली, रिकाम्या हाताने कसं जायचं. थोरली मुलगी आईची वेणी घालत होती. प्लास्टरकडे बघवेना. ‘बसा ना, बाई.’ मी बसले नाही. तिने दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं, दोन्ही वेळा मीच म्हटलं, ‘तू बोलू नकोस, आराम कर.’ वाटलं, आता मला दोष देणार. किंवा देणार नाही – ते तर त्याहून वाईट. बस चुकेल म्हणून सटकले. बस कसली! पायीच घरी आले. लाज वाटते.

शुक्रवार, ८ मार्च

चौकशी होणार आहे. मोठ्या बाई म्हणाल्या, चूक बेकरीची निघाली तर उपचार आणि हात बरा होईपर्यंतचा पगार बेकरीने द्यायचा. हिची निघाली तर नोकरी गेली. खोली नोकरीबरोबर मिळालेली, तीही गेली. मग दोन्ही पोरं घेऊन पुन्हा छावणीत, तंबूत. माझ्या एका शब्दापायी.

शनिवार, ९ मार्च

बेकरीवाल्याला भेटून आले. कुणाला न सांगता. म्हटलं, ‘तिच्यावर राग काढू नका. तिला ते यंत्र येतच नव्हतं. पण नाही म्हणायचं नाही, हे मी तिच्या डोक्यात भरलं. दोष द्यायचाच तर मला द्या.’ बोलता बोलता रडले. भला माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं. ‘तुमच्यासारखी सरळ माणसं राहिलीत कुठे, बाई. चौकशीत हेच सांगाल?’ न सांगायला काय झालं? निघताना गरम पाव बांधून दिला.

छातीवरचा धोंडा उतरला. सगळ्यांनी मिळून पाव खाल्ला. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला. तिचं काय म्हणणं आहे?’ म्हटलं, तिला बिचारीला आत्ता कशाला त्रास.

सोमवार, ११ मार्च

चौकशीत सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. जमेलताईला डॉक्टरांनी सोडलं नव्हतं, ती नव्हती. बेकरीवाल्याने बाहेर येऊन हात जोडले.

मंगळवार, १२ मार्च

आज फळ्यावर लिहिलं – ‘मला हे येत नाही.’ प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणून घेतलं. मागच्या बाकावरचा न्हावी म्हणाला, ‘बाई, हे मालकाला सांगितलं तर नोकरी मिळायची कशी?’ हशा पिकला. मीही हसले, कितीतरी दिवसांनी.

गुरुवार, १४ मार्च

इस्पितळात गेले. आज बसले. ती सावकाश, एकही चूक न करता बोलली. ‘मला यंत्र येतं, बाई. तिकडे माझ्या वडिलांची बेकरी होती. हात आत जाऊ नये म्हणून असते ती जाळी इथल्या यंत्रावर तुटली होती. मी मालकाला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, तशीच चालव. आता तो म्हणतो, तुझ्या बाईच सांगतात, तुला यंत्र येत नव्हतं.’

काल बेकरीचा माणूस थोरलीकडून खोलीची किल्ली घेऊन गेला.