मांड्यांवरची जाळी

तीर्थरूप आत्येस,

साष्टांग नमस्कार (मांड्या झाकून, कारण पुढे येतंच आहे). तुझी कंबर कशी आहे? आणि गुडघे? गुडघ्यांची चौकशी मी उगाच करत नाहीये. आम्ही सगळे खुशाल, माझी नोकरी तेवढी टांगणीला लागली आहे.

त्याचं असं झालं. पोहायला शिकवणाऱ्या माणसाला अर्ध्या चड्डीवर जगापुढे उभं राहावं लागतं, आणि माझ्या दोन्ही मांड्यांवर उमटली तांबूस-तपकिरी जाळी! (मासे धरायची असते ना, हुबेहूब तशी.) बायकोनं ती आधी साबणानं घासून पाहिली. मेहुणा औषधाच्या दुकानात बसतो, म्हणजे स्वतःला अर्धा डॉक्टर समजतो (उरलेला अर्धा गिऱ्हाइकांनी समजून घ्यायचा). तो छातीठोकपणे म्हणाला, गार पाण्यात उभं राहून गारठा बसलाय, शेका! तू प्रेमानं धाडलेली गरम पाण्याची रबरी पिशवी मी रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन बसायचोच. आधी ती हौस होती, आता उपचार झाला. आणि जाळी आणखी गडद!

तोवर पालकांत कुजबुज सुरू झाली, की हे साथीचं आहे. एका बाईनं तर मुलाला पाण्यातून ओढूनच काढलं. तलावाच्या मॅनेजरनं मला घरी बसवलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी एकदा बघितलं आणि विचारलं, ‘शेक घेता?’ मी अभिमानानं हो म्हटलं. म्हणाल्या, गारठ्याची जाळी ऊब मिळाली की विरते. ही शेकानंच पडलीय, कुणाला लागत नाही, पिशवी बंद केलीत की हळूहळू फिकी पडेल. तेव्हापासून मेहुणा फोन उचलत नाही.

पण मॅनेजरला पटेल तर शपथ! म्हणतो, शेक सगळं जग घेतं, जाळी तुम्हालाच कशी? (हाच तो, तू शाळेत शिकवायचीस तेव्हा तुझ्या वर्गात कायम बाकावर उभा असायचा. अजून तुझं नाव काढलं की खुर्चीतून उठतो.)

तुझा जाळीदार भाचा

ता. क. : शेक घेणाऱ्या सगळ्यांनी तो ताबडतोब थांबवावा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. तब्येतीला जप गं.

ता. क. दुसरा : मागच्या खेपेला तुझे पाय चेपताना गुडघ्यांवर हीच जाळी पाहिली होती. शनिवारी ये. मॅनेजरला गुडघे तेवढे दाखव, बाकीचं तुझा आवाज बघून घेईल.

ता. क. तिसरा : ‘ताबडतोब’ म्हणजे शनिवारनंतर. तोवर शेक अजिबात सोडू नकोस. तुझी जाळी फिकी पडली, तर माझी नोकरी गेलीच म्हणून समज.