दादाची चित्रं लागली

ती. आईस,

इथूनच तुझ्या पाया पडते. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

इथल्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत एक संस्था आसपासच्या चित्रकारांची चित्रं मांडते, नफा न घेता. दादा गेल्यावर त्यांनी त्याचीही मागून घेतली. काल मीच ती भिंतीवर लावली. हात आपले चालत होते.

तू सुईत दोरा ओवतेस ना, ते चित्र बघून एक बाई रडायलाच लागल्या.

"कोण हो या?"

"आमची आई," म्हटलं आणि त्यांना पाणी दिलं. मला अजूनही रडू आलेलं नाही.

त्यांना ते विकत हवं होतं. मी नाही म्हटलं.

तुझा गुडघा कसा आहे? बाबा बोलतात का आता?

प्रदर्शन संपलं की ते चित्र घेऊन घरी येऊ का?

तुझी,
धाकटी