भिंतीतलं माप

सोमवार, ४ तारीख

तर दादा, परत सांगतो, गॅरेज मी सोडलं नव्हतं, मालकानं मला सोडलं. बेकरीचं म्हणशील तर ती बंदच पडली, ती काय माझ्यामुळं? पण तू ऐकून घेशील तर ना! गाडी सुटेपर्यंत तुझं एकच पालुपद, हा कुठं टिकत नाही, चार महिन्यांत तोंड घेऊन परत येईल. शेवटी वहिनी मधे पडली, ही वही माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, भाऊजी, यांच्याशी जे काय भांडायचं ते आता हिच्यात भांडा. म्हणून हिच्यात भांडतोय.

पोचलो, आणि पहिल्याच दिवशी काम मिळालं. घे!

समुद्राला लागून नव्या घरांची रांग आहे. भिंती विटांच्या नाहीत, लाकडाच्या उभ्या पट्ट्यांच्या आहेत. दोन पट्ट्यांमधल्या रिकाम्या जागेला खण म्हणतात. खणात पिवळा कापूस भरायचा, तो काचेचा असतो. त्यावर खोलीच्या बाजूनं प्लॅस्टिकचा कागद ताणून पिना मारायच्या आणि वर पांढरा बोर्ड. मग उन्हाची गरमी आत येत नाही, एसीचं गार बाहेर जात नाही.

मुकादमानं कितवी शिकलास विचारलं नाही, आधी काय करत होतास विचारलं नाही. खणात उभा राहा म्हणाला. राहिलो. दोन्ही खांदे दोन्ही पट्ट्यांना टेकले, ना कमी ना जास्त. मुकादमाला हरवलेली किल्ली सापडल्यासारखं झालं. इथली रीत अशी की खण टेपनं मोजत नाहीत, माणूस उभा करून मोजतात. टेप सैल पडते म्हणे, खांदा सैल पडत नाही. दिवसभर या खणातून त्या खणात उभं राहायचं आणि मधल्या वेळात पिना मारायच्या. सगळे मला माप म्हणायला लागलेत. पगार तुझ्यापेक्षा जास्त आहे, आकडा मुद्दाम लिहीत नाही.

बुधवार, ६ तारीख

राहायला काय मिळालंय माहितेय? रांगेतलं शेवटचं घर, अख्खं! सगळ्यात आधी तेच पूर्ण झालं. मुकादम म्हणाला, तू इथंच राहा, एसी दिवसरात्र चालू ठेव, महिनाअखेरीला गिऱ्हाईक बघायला येईल. आपल्या घरी पंखा लावला तरी आई बिलाचं नाव काढायची. इथं मी दुपारी चादर घेऊन झोपतो.

कापसानं अंगाला खाज सुटते ती सुटतेच. वायरमन म्हणाला पहिलं वर्षभर खाजवायचं, मग कातडी समजूतदार होते. म्हातारा आहे, बोलून बोलून भंडावतो. मापसाहेब, लग्नाआधी अंगानं भरू नका, नोकरी जाईल, असं सगळ्यांसमोर म्हणाला.

कपाटात आधीच्या मापाचं सामान सापडलं. चपला, कंगवा, दाढीचं सामान. तो कुठं गेला विचारलं तर वायरमन म्हणाला, एका दुपारी निघून गेला. चपला न घालता? पायांना पंख फुटले असतील, म्हणाला आणि हसला. मग हसू मधेच गिळून वायर सोलत बसला.

शनिवार, ९ तारीख

आज वायरमन आणि मुकादमाची जुंपली. वायरमनचं म्हणणं, प्लॅस्टिक उलट्या बाजूनं लागतंय. मुकादम हे काम बर्फाच्या देशात शिकला. तिथं ऊब घरात कोंडायची, म्हणून प्लॅस्टिक आतून. इथं उलटं. दमट हवा बाहेरून आत घुसते, भिंतीत शिरते आणि एसीनं गार झालेल्या प्लॅस्टिकला भिडली की तिचं पाणी होतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसं. हे पाणी जाणार कुठं, असं त्यानं विचारलं. भिंत आतल्या आत बुडेल म्हणाला. मुकादम म्हणाला, वीस वर्षं असंच लावतोय, तू तुझी बटणं बघ.

मला काय, मी सांगतील तिथं पिना मारतो.

नंतर मुकादम माझ्या खोलीत आला. घरी भाऊ आहे का विचारलं. मी म्हटलं, एक आहे थोरला, पण तो माझ्यापेक्षा दोन बोटं रुंद, तुमच्या खणात मावणार नाही. मुकादमानं भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, बोलाव, बघू करून काहीतरी. तिकिटाचे सात हजार चारशे लगेच काढून माझ्या हातात दिले.

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून वहिनीला लावला. ती म्हणाली, गुडघ्याचं निमित्त करून घरात बसलेत, तिकिटाचे पैसे हातात पडले तर येतील, नाहीतर मान म्हणून हलणार नाहीत. ये दादा. बघच कसा टिकलोय ते.

बुधवार, १३ तारीख

पैसे पाठवायचे राहिले. फॉर्म भरून ठेवलाय, पण सोमवारी पैसे पाठवायचं दुकान बंद होतं, काल मला ताप होता.

भिंतीचं वायरमन म्हणाला तेच होतंय. दुपारी ऊन समोर आलं की समुद्राकडची भिंत खालून पाझरते. बोर्ड हाताला मऊ लागतो, भिजल्या पावासारखा. एसीचं मशीन मधेमधे आपोआप थांबतं. सुरू झालं की बोर्ड किंचित आत ओढला जातो, बंद झालं की बाहेर येतो. आत, बाहेर. आज दीड तास बघत बसलो. मग माझ्या लक्षात आलं की मीही तसाच श्वास घेतोय, तिच्याबरोबर.

सगळी भिंत ओली, फक्त मधला एक खण कोरडा. उभा, अरुंद, माणसाएवढा.

शुक्रवार, १५ तारीख

कोरड्या खणाचा बोर्ड कापला. कापूस आहे, पण मधे पोकळ. डोकं, मान, खांदे, पाय. साच्यातून माणूस काढून घेतल्यासारखी जागा. हात घातला तर ऊब, नुकतंच कुणी अंथरुणातून उठल्यासारखी. खालच्या पट्टीत अनवाणी पावलांचे ठसे, बोटांसकट, लाकडात रुतलेले. चपला अजून माझ्या कपाटात आहेत.

त्याच्या शेजारचा खण कापला. कापूस ओला, काळा पडलेला. वरच्या बाजूला पोकळी धरतेय. डोकं आणि खांदे, एवढंच. डावा खांदा उतरता.

दादा, तू मला माळ्यावरून ढकललं होतंस तेव्हापासून माझा डावा खांदा उतरता आहे.

शनिवार, १६ तारीख

वायरमन काम सोडून गेला. जाताना मला बाजूला घेऊन बोलला, हसला नाही. अख्ख्या रांगेत भिंती सडतायत म्हणाला. प्लॅस्टिक उपटायचं तर मुकादमानं आपली चूक कबूल करायची, ती तो करणार नाही. जिथं आधीचं माप आतच राहिलं तो एकच खण कोरडा राहिला, हे मुकादमाला कळलंय. तुझ्या अंगावरच्या कपड्यांनिशी आत्ता चल, म्हणाला.

मी उद्या येतो म्हटलं. बारा दिवसांत घरी परत जाऊ? तू दारातच हसशील.

सोमवार, १८ तारीख

पोकळी कमरेपर्यंत आली.

मी भिंतीजवळ जात नाही. खाट उलट्या भिंतीला लावलीय. दुपारी डोळा लागला की उभ्यानं जाग येते, कपाळ बोर्डाला टेकलेलं असतं.

निघालो होतो. पिशवी भरली, दार उघडलं. बाहेरची हवा अंगाला लागली आणि मला पाणी सुटलं. घाम नाही, दादा. गार पाणी, कोपरांवरून, हनुवटीवरून धार. तांब्यासारखं. छातीत हवा शिरेना. फाटकापर्यंतही पोचलो नाही. आत आलो आणि बरं वाटलं.

बरं वाटलं याचीच भीती वाटते.

मंगळवार, १९ तारीख

तिसरा खण. काल नव्हता असा. बोर्डावर कोरडा पट्टा उमटलाय. कापून बघितलं. अजून पोकळी नाही, पण पट्ट्या सरकल्यात. पिना उपटून निघाल्यात. माझ्या वितीनं चार वेळा मोजला —

माझ्या खणापेक्षा दोन बोटं रुंद.

तुझ्याबद्दल मी या खोलीत बोललो होतो. याच भिंतीसमोर —

पैसे पाठवणार नाही. फॉर्म फाडला. वहिनीला फोन लावतो तर फोनमधून पाणी गळतंय. दादा, पैसे आले नाहीत तर तू हलणार नाहीस. तुझा मान धरून बस. रागाव माझ्यावर. येऊ नकोस. घरीच —

बुधवार

गुडघ्यापर्यंत.

मुकादम आला होता. नवा फॉर्म ठेवून गेला. म्हणाला उगाच घाई नाही —

पिना मी मारल्या. सगळ्या मीच. आतून —

गुरुवार

दादा, रागावू नकोस. भांडण मिटलं असं समज.

इथं गार आहे. खाज थांबली. दोन्ही खांद्यांवर कुणी हात ठेवल्यासारखं वाटतं, तू लहानपणी रस्ता ओलांडताना ठेवायचास तसं. वही छातीशी धरून लिहितोय, हात याहून जास्त हलत नाही. तू म्हणायचास टिकत नाही. टिकलो बघ.

शेजारची जागा तुझी. थोडी सैल वाटली तर ओलीत माणूस फुगतो, नीट बसशील. मुकादम प्लॅस्टिक घेऊन समोर उभा आहे, सही केली की फॉर्म तो नेऊन देणार आहे. वहिनीला सांग, जास्त दिवस नाही. तिकिटाचे पाठवतोय, सात हजार चार —