पाच दारांची यादी

६ एप्रिल

पवनारला पोचले! धाम नदीच्या अलीकडे, एका व्यापाऱ्याच्या जुन्या सोयाबीन गोदामात हे संगणक केंद्र उघडलं आहे. खाली वर्ग, वर माझी खोली. भिंतींना अजून पोत्यांचा वास आहे आणि मला तो आवडला. राखणदार बंडूजींनी कूलरमध्ये पाणी भरून ठेवलं होतं. पाच मिनिटं माझं बोलणं ऐकून त्यांनी विचारलं, म्याडम, तुमी शिकवाले आल्या का इलेक्शनले उभ्या राहाले? बारा वर्षं व्यासपीठांवर गेली, त्याला मी काय करू?

माझी धाकटी बहीण आकांक्षा वीस तारखेला इथेच साहाय्यक म्हणून येणार. तिला अमरावतीची नोकरी सोडायची नव्हती. मी तासभर बोलले, तिने राजीनामा लिहिला. माझ्या शब्दाने माणसं हलतात, याचा मला अभिमान आहे.

८ एप्रिल

पहिला धडा. नेटवर्कवरून जाणारी पॅकेटं, म्हणजे माहितीचे तुकडे, पकडणारा प्रोग्राम लिहायचा. पकडण्याआधी संगणकाला एक प्रश्न विचारावा लागतो: तुझे इंटरफेस किती? म्हणजे जगाशी बोलायची दारं किती? यादी आली. केबल, वायफाय, ब्लूटूथ, एक आभासी, आणि शेवटचा लूपबॅक, ज्यावरून संगणक फक्त स्वतःशी बोलतो. एकूण पाच.

मी वर्गाला सांगितलं, ज्याला आपली दारं मोजता येत नाहीत, त्याला कुणीही कोंडू शकतं. शिक्षण म्हणजे दारं मोजणं! नाचणगावहून रोज एसटीने येणारी काजल, दोन लेकरांची आई, हे वाक्य वहीत उतरवत होती. अशा एका बाईसाठी शंभर गावं फिरायची माझी तयारी आहे.

१० एप्रिल

आज यादीत चारच. केबल नाही. ती जागेवर होती, तिचा दिवाही लुकलुकत होता. दहा वेळा काढून घातली, तरी चारच.

दुपारी नदीवर जायला निघाले, तर मागचं फाटक उघडेना. ढकललं, ओढलं, शेवटी लाथ घातली. बंडूजींनी एका बोटाने लोटलं आणि म्हणाले, शयरातल्या जेवनात दमच नाई, म्याडम. इतका राग आला की उघड्या फाटकातून न जाताच मी परत वर आले.

१२ एप्रिल

तीन. वायफायही गेलं.

काजलने त्याच यंत्रावर तोच प्रोग्राम आपल्या लॉगिनने चालवला. पाच! वर्गाला कोडं पडलं. मी समजावू लागले: ही यादी यंत्राकडे काय आहे ते सांगत नाही, विचारणाऱ्याला काय उघडायची परवानगी आहे, तेवढंच सांगते. आणि बोलता बोलता थांबले.

माझं लॉगिन माझं नाही. नवीन काढायला वेळ लागतो म्हणून बंडूजींनी मला आधीच्या शिक्षिकेचं, रीता मॅडमचं दिलं होतं. त्या कुठे आहेत, असं आज विचारलं. म्हणाले, गेल्या नं न सांगता. काऊन गेल्या काय मालूम. चप्पल बी इथंच सोडून गेल्या.

भुताखेतांच्या गोष्टींवर मी भर सभेत हसलेली बाई आहे. पण या उन्हात चप्पल सोडून कोण जातं?

नवीन लॉगिन मागायला केंद्राच्या मालकांना फोन लावला. पलीकडून नुसतं हॅलो, हॅलो. मग त्यांनी ठेवून दिला.

१४ एप्रिल

आज जयंती. गावातल्या मंडळाने मुख्य भाषण माझ्याकडे दिलं होतं. निळी साडी नेसून खाली आले. पुढचं दार उघडेना. कडी नव्हती, कुलूप नव्हतं. खिडकीतून ओरडले. रस्त्याने माणसं जात होती, एकानेही मान वर केली नाही.

अकरा वाजता भोंग्यावरून माझं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारून दुसऱ्या वक्त्याला उभं केलं. तो मुद्दे सोडत होता. त्याने सोडलेला प्रत्येक मुद्दा मी बंद दारासमोर मांडला. घसा फुटेपर्यंत.

यादीत दोन.

१६ एप्रिल

मी शिकवते, कुणी लिहीत नाही. बंडूजी माझ्या पावलांभोवती झाडतात. काजलला सांगत होते की ह्या बी म्याडम गेल्या. ती चिडून म्हणाली, अशा कशा जातीन? जयंतीचं भाषन होतं त्याईचं! माझ्यासाठी भांडली. माझ्याकडे पाठ करून.

आकांक्षाचे संदेश येतात. बॅग भरली, ताई. उत्तर का देत नाहीस? माझे जात नाहीत. फळ्यावर लिहिलं, आकांक्षाला येऊ देऊ नका. खडू झिजला, रेघ उमटली नाही. फक्त या वहीत उमटते.

ती इथे येता कामा नये. बाकी माझं काहीही होवो.

यादीत एकच, लूपबॅक. बोलते ते मलाच ऐकू येतं.

१८ एप्रिल

यादी रिकामी. प्रोग्राम चूक दाखवत नाही. त्याच्या मते सगळं ठीक आहे.

काजल आली ती धापा टाकत, बंडूजींना सांगू लागली. वर्ध्याच्या स्टँडवर आज तिला रीता मॅडम दिसल्या. अनवाणी. कुठं होत्या विचारलं, तर रडायलाच लागल्या.

म्हणजे माझं शेवटचं दार गेलं आणि ती सुटली. म्हणजे इतके दिवस ती इथेच होती. याच वर्गात. माझ्या मागे उभी. मला सावध करत असेल — की वाट पाहत?

१९ एप्रिल

बंडूजी बाहेर पडताना त्यांच्या पाठीला चिकटून निघाले. ते गेले. मी आतच.

आकांक्षाचा संदेश — सकाळच्या गाडीने निघते, फार काळजी वाटते —

नको.

२० एप्रिल

आली.

बंडूजींनी सांगितलं, तुमची ताई तं गेली. ती म्हणाली, माझी ताई न सांगता जाणारी नाही. मला शोधायलाच माझ्या यंत्रावर बसली. त्यांनी लॉगिन दिलं. तेच.

तिच्या कानाशी ओरडले. केसही हलला नाही.

पाच. तिने माझा प्रोग्राम चालवला. पाच आले.

माझ्या फायली उघडते आहे. डोळे पुसते आहे. पुन्हा चालवला —

चार.

मागे आवाज झाला. फाटक. मी हात लावला — उघडलं. माझ्या हाताने उघडलं! तिचं गेलेलं दार मला मिळालं. ऊन. नदी. एक पाय बाहेर आहे. उभ्यानेच लिहिते आहे —

ती आत हाका मारते आहे. ताई, ताई —

रीता गेली. मी रीता नाही. मी —

पाय आत घेतला. फाटक ओढलं. पडद्यावर अजून चार.

कडी घातली. आतून.

तिने पुन्हा विचारलं. यादी येते आहे. पा