एकतीस जणांची निवडणूक

हॅथर्ली, मेलबर्न
६ फेब्रुवारी १९७७

ती. क्लाइव्हदादास,
सा. न. वि. वि. उकाडा इतका आहे की नमस्कार खुर्चीत बसूनच केला आहे. वाकले असं समज.

काल बर्डेटसाहेबांनी मला आत बोलावलं आणि स्वतः उठून दार लावून घेतलं. म्हटलं, झालं, यांना पुन्हा पित्त. तर म्हणाले, अठ्ठावीस वर्षं खासदारकी पुरे झाली, पुढची निवडणूक ते लढवणार नाहीत. मी वही उघडली. वाटलं, आता नव्या माणसासाठी काय काय तयार ठेवायचं ते सांगतील. तर म्हणाले की एनिड, वही मिट, उमेदवारीचा अर्ज तू कर. मी हसले. ते हसले नाहीत.

रात्रभर डोळा लागला नाही बघ. हा मतदारसंघ नवा झाला तेव्हा मी वीस वर्षांची होते. आईनं माझ्या हातात आपल्या पक्षाची, मत कसं द्यायचं ते छापलेली कार्डं कोंबून मला शाळेच्या फाटकाशी उभं केलं होतं. पेट्रोल तेव्हा रेशनवर होतं, म्हणून आपल्याकडच्या मोटारवाल्या बायका जन्मात पहिल्यांदा ट्रामनं मतदानाला आल्या होत्या आणि त्याच रागात त्यांनी आपल्याला मतं दिली. तेव्हापासून बारा निवडणुका झाल्या. बाराही वेळा आपणच, दुसऱ्या पसंतीची मतं मोजायची वेळ एकदाही आली नाही. बहात्तर साली सगळा देश मजूर पक्षाकडे उलटला, तेव्हा इथं फक्त मताधिक्य जरा घटलं. मजूर पक्ष इथं कुणी पोरसवदा मास्तर उभा करतो, त्याला भाषणाचा सराव व्हावा म्हणून. म्हणजे हॅथर्लीची खरी निवडणूक आपल्या पक्षाच्या निवड समितीतल्या एकतीस माणसांची. ती जिंकली की जन्माची ददात मिटली.

साहेबांची भाषणं कुठल्या टाइपरायटरवर जन्मतात हे तुला ठाऊक आहेच. पण लिहिणं वेगळं आणि उभं राहून बोलणं वेगळं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे वेड करू का? स्पष्ट लिही. मार्जरीवहिनींना सांग की जर्दाळूचा मुरंबा पोचला, निम्मा तुमच्या लेकानं, रोवननं, उभ्याउभ्या संपवला.

लोभ जुनाच आहे, उन्हात वितळू देऊ नकोस.
तुझी,
एनिड

ॲडिलेड
१५ फेब्रुवारी १९७७

चि. एनिड हिस,
अनेक आशीर्वाद, आणि या वेळी त्यांत शाबासकीही मिसळलेली आहे.

तुझं पत्र वाचून मी थक्कच झालो. बर्डेटना हे सुचलं कसं! पण सुचलं ते उत्तम सुचलं. तू अर्ज अवश्य कर. मागेपुढे बघू नकोस. मार्जरी म्हणते की एनिड संसदेत गेली तर तिथल्या चहाला तरी चव येईल. ती चेष्टा करते, पण तिला अभिमान वाटतोय.

फक्त प्रकृतीला जप. दवाखान्यात तुझ्या वयाच्या बायका रोज बघतो म्हणून सांगतो. आणि हो, ते एकतीस जण कोण कोण आहेत, कोणाचा कल कुणीकडे, हे जरा सविस्तर कळव. लांबून का होईना, चार गोष्टी सुचवता येतील. रोवनची मदत घे. त्याच्या वकिलीचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

माया आहे तशीच आहे.
तुझा,
क्लाइव्ह

हॅथर्ली
२ मार्च १९७७

ती. दादास,
सा. न. वि. वि. अर्ज टाकला! सही सरळ आली.

तू विचारलंस म्हणून लिहिते. एकतिसांत चौदा बायका. त्यांचं पान मिसेस किर्कब्राइडशिवाय हलत नाही. एवढी मोठी मुलींची शाळा चालवलेली बाई, समोर उभी राहिली की मंत्रीसुद्धा नखं लपवतात. मला धास्ती होती की त्याच उभ्या राहतील, आणि राहिल्या असत्या तर त्याच जिंकल्या असत्या. पण परवा त्या चहाला आल्या आणि म्हणाल्या की त्यांचा अर्ज लिहून तयार होता, पण मी उभी आहे हे कळल्यावर त्यांनी तो फाडला. दोघी भांडलो तर मध्ये कुणी पुरुष घुसेल, त्यापेक्षा चौदाही मतं तुझी घे, म्हणाल्या. मला रडूच आलं. त्यांना रडणं चालत नाही, म्हणून मी केक कापायला आत गेले.

उरलेल्यांत शेअर दलाल फेअर्ली आयात जकातीवर खोचक प्रश्न विचारणार, हे नक्की. मिसेस डॅलरिंपलना त्यांच्या बागेतल्या कॅमेलियांची चौकशी केलेली आवडते. म्हाताऱ्या कर्नलना बोलू द्यावं आणि हो म्हणावं.

रोवन दर गुरुवारी जेवायला येतो. अठराव्या वर्षी शिकायला माझ्याकडे आलेलं पोरगं, आता बायको-मुलं सोडून आत्यासाठी बसतं. समिती होतो, भुवया चढवून प्रश्न विचारतो, माझी उत्तरं लिहून घेतो आणि कुठं अडखळले ते दाखवतो. माझी वहीसुद्धा घरी वाचायला घेऊन गेलाय. जकातीवरचं माझं उत्तर ऐकून म्हणाला की आत्या, याला तोड नाही.

तुझं प्रेम असंच पाठीशी राहो. आता खरंच लागणार आहे.
तुझी,
एनिड

ॲडिलेड
२८ एप्रिल १९७७

चि. एनिड हिस,
आशीर्वाद. हे पत्र समितीच्या शनिवारच्या बैठकीआधी तुझ्या हाती पडावं म्हणून घाईत लिहितोय.

शेवटच्या दिवशी रोवननंही अर्ज भरला आहे. बर्डेटनी फारच आग्रह केला. तो तुला स्वतः सांगणार होता, पण त्याला धीर झाला नाही. तू समजूतदार आहेस.

क्लाइव्ह

हॅथर्ली
५ मे १९७७

क्लाइव्हदादास,
नमस्कार. तुझं पत्र मंगळवारी आलं. बैठक शनिवारीच झाली.

त्या दुपारची सँडविचेस मीच केली होती. नेहमीच करते; यंदा नाही केली तर गर्व झाला म्हणतील, म्हणून पहाटे उठून काकड्या चिरल्या. अध्यक्षांनी नावं वाचली. ट्रेलोर, एनिड. मग ट्रेलोर, रोवन. मला वाटलं चुकून दोनदा वाचलं. मागं बघते तर तो दाराशी, तू दिलेला निळा टाय लावून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या आणि भाचा, केवढं गोड, म्हणाले.

फेअर्लीनी मला जकातीबद्दल विचारलंच नाही. मी संसदेत गेले तर पक्षाच्या इथल्या शाखेचं काम कोण बघणार, हे विचारलं. सगळे हसले. मग कर्नलनी विचारलं की एकट्या बाईला हा ताण झेपेल का. मी झेपेल म्हटलं. ते आणखी हसले. जकातीचा प्रश्न रोवनला आला. त्यानं माझं उत्तर दिलं, दादा. माझं, शब्दाला शब्द. फक्त मी जिथं अडखळते तिथं तो अडखळला नाही. जाताना त्यानं मिसेस डॅलरिंपलना कॅमेलियांबद्दल विचारलं.

त्याला वीस, मला आठ, कुणा तिसऱ्याला तीन. म्हणजे माझ्या चौदांतल्या निदान सहाजणी मला सोडून गेल्या. मिसेस डॅलरिंपल तर मला थोपटत म्हणाल्या की ट्रेलोरच निवडून आला ना, मग झालं तर, दोघांचंही मन राखलं आम्ही.

रोवन आला, आत्या, रागावू नकोस म्हणाला, तू नसतीस तर मी नसतो म्हणाला. आणि मतदारांच्या याद्यांचे खोके न्यायला सोमवारी येऊ की मंगळवारी, असं विचारलं.

मला एवढंच सांग, तुला हे कधीपासून माहीत होतं?

एनिड

ॲडिलेड
१६ मे १९७७

चि. एनिड हिस,
अनेक आशीर्वाद. रागात लिहिलेल्या पत्राला रागानं उत्तर द्यायचं नाही, हे बाबांनी आपल्याला शिकवलं आहे.

मला अगदी अखेरीस कळलं. बाप म्हणून मी त्याला नको कसं म्हणणार होतो? नीट विचार कर. तुला फार तर दोन-तीन मुदती मिळाल्या असत्या. तो एकतीस वर्षांचा आहे. मंत्री होईल, कदाचित त्याहूनही मोठा. घराण्याचं नाव होईल ते तुझंही नाव. हरलीस म्हणून तुझी किंमत कमी झालेली नाही, उलट आता तुझी खरी गरज आहे. तुझ्यासारखी शाखा कोण चालवणार? रोवन म्हणतो की आत्याशिवाय प्रचार म्हणजे मीठ नसलेलं सूप.

त्याला फोन कर. पोरगं खंगलंय.

प्रेमात अंतर पडू देऊ नकोस.
तुझा,
क्लाइव्ह

हॅथर्ली
१४ डिसेंबर १९७७

डॉ. क्लाइव्ह ट्रेलोर यांस,
मधल्या काळात तुमची तीन पत्रं आली. उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. आता सुचलं आहे.

नोव्हेंबरात बर्डेटसाहेबांनी कचेरी रिकामी करायला सांगितली. अठ्ठावीस वर्षांचे कागद मीच लावले होते, मीच काढले. त्यांच्या खाजगी खणात एक पाकीट मिळालं. अक्षर बघूनच ओळखलं. या अक्षरातल्या गृहपाठावरून मी लिहायला शिकले होते.

अकरा जानेवारीचं पत्र. साहेबांनी मला आत बोलावून दार लावलं, त्याच्या पंचवीस दिवस आधीचं. किर्कब्राइडबाई उभ्या राहिल्या तर चौदा बायका त्यांच्या मागे जातील आणि रोवनचं काही खरं नाही, असं तुम्ही लिहिलं होतं. एनिडला उभं करा, तिच्याविरुद्ध त्या उभ्या राहायच्या नाहीत. एनिडची भीती नको, तिला कुणी निवडणार नाही. वाईट वाटेल तिला, पण तिचा राग आठवडाभर टिकतो, हे लहानपणापासून बघतो आहे. समासात साहेबांनी पाच फेब्रुवारीची तारीख घालून लिहिलं होतं, काम झालं.

हे पत्र मी मिसेस किर्कब्राइडना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं. एवढंच म्हणाल्या की त्या एकसष्ट वर्षांच्या आहेत, ही शेवटची संधी होती आणि ती त्यांनी आपल्या हातांनी फाडली. मग मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवारी मतदान झालं. शाळेच्या फाटकाशी माझ्या जागी डॅलरिंपलबाईंची मुलगी उभी होती. ट्रेलोर एक, असं छापलेलं कार्ड तिनं पुढं केलं आणि लगेच मागं घेतलं. तुम्हाला कशाला हवं म्हणाली, आणि हसली. मजूर पक्षाचा मास्तर एकटाच उन्हात उभा होता. त्याला मी नाव विचारलं. नाव विचारणारी आज मी पहिलीच, असं तो म्हणाला. चांगला मुलगा आहे. त्याच्याच नावापुढं पहिल्या पसंतीचा एक लिहायचा, असं ठरवून मी आत गेले.

पडद्याआड पेन्सिल हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. मागच्या माणसानं घसा खाकरला. रोवन एकोणीस हजारांनी आला, हे तुम्हाला कळलंच असेल. म्हणजे मी काहीही केलं असतं तरी काही बिघडणार नव्हतं, हे मला आत जातानाही ठाऊक होतं. तरीही माझ्या हातानं रोवनपुढंच एक लिहिला. अठ्ठावीस वर्षं या फाटकाशी उभी राहून मी सगळ्या हॅथर्लीला शिकवलं की इथं विचार करायची गरज नाही. सगळ्यांत चांगली मीच शिकले.

हे रोवनला सांगू नका. माया, लोभ, आशीर्वाद यांतलं काही पाठवू नका.

एनिड ट्रेलोर